पोर्ट ऑफ स्पेन, कमी पैशात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्रिनिदाद आणि टोबॅगोची राजधानी असलेल्या पोर्ट ऑफ स्पेनबद्दल मराठी प्रवाशांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दर त्रिनिदादी डॉलरमध्ये आहेत. एक अमेरिकी डॉलर म्हणजे साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर, आणि एक त्रिनिदादी डॉलर म्हणजे तेरा रुपयांच्या आसपास.

कॅरिबियन म्हटलं की महागडी रिसॉर्ट्स डोळ्यांपुढे येतात. इथे खरंच थोड्या पैशात भागतं का?

दिवसा भागतं, आणि उत्तम भागतं. पोर्ट ऑफ स्पेन हे पर्यटकांसाठी वसवलेलं शहर नाही. देशाची कमाई तेल आणि वायूची, त्यामुळे इथली मैदानं, बागा, वाद्यांची अंगणं आणि खाण्याच्या गाड्या स्थानिकांसाठी आहेत, स्थानिकांच्या दरात आहेत. पाहण्यासारख्या बहुतेक गोष्टींना तिकीटच नाही.

दोन गोष्टी मात्र स्वस्त नाहीत: राहायची खोली आणि अंधार पडल्यानंतरचा प्रवास. या दोन्हींत काटकसर करू नका. पुढची सगळी उत्तरं याच हिशोबाने लिहिली आहेत. उजेडात वाचवा, ते अंधारात खर्च करा.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत आगाऊ व्हिसा लागत नाही. नियम बदलू शकतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी उच्चायुक्तालयाकडे एकदा खात्री करून घ्या. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विमानतळावर विचारतात.

खरी अडचण वाटेत येते. भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे गेलात तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. टोरांटोमार्गे गेलात तर कॅनडाचे नियम पाहावे लागतात. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घाईने काढलं आणि मधल्या देशाचा व्हिसाच नाही, असं झालं तर पैसे बुडतात.

लस घ्यावी लागते का?

हो, पीतज्वराची (यलो फीव्हर), आणि ती परत येताना उपयोगी पडते. भारताच्या यादीत त्रिनिदाद हे पीतज्वराचा धोका असलेलं ठिकाण आहे. तिथून लशीच्या प्रमाणपत्राशिवाय परत आलात तर भारतीय विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांचे हे दहा दिवस भरत नाहीत. महिनाभर आधीच उरकून टाका.

कधी जावं?

जानेवारी ते मे कोरडे महिने, जून ते डिसेंबर पावसाळा. पावसाळ्यातही पाऊस बहुधा दुपारी तास-दीड तास कोसळतो आणि ओसरतो. त्रिनिदाद चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्यामुळे मोठा फटका क्वचित बसतो. उकाडा वर्षभर कोकणासारखा.

आमचं मत विचाराल तर कार्निव्हलच्या, म्हणजे इथल्या रस्त्यावरच्या नाच-गाण्याच्या मोठ्या उत्सवाच्या, तीन-चार आठवडे आधी पोहोचा आणि कार्निव्हलचा आठवडा लागायच्या आत निघा. तेव्हा संगीत ऐन भरात असतं आणि खोल्यांचे दर अजून चढलेले नसतात. २०२७ मध्ये कार्निव्हल ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे, म्हणजे जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा धरा. ते जमलं नाही तर मार्च-एप्रिल. तेव्हा पोई नावाची झाडं पानं झाडून गुलाबी आणि पिवळ्या फुलांनी भरतात आणि सवाना मैदानाच्या कडेला फुलांचा सडा पडतो.

विमानतळावरून शहरात स्वस्तात कसं जायचं?

पियार्को विमानतळ शहराच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर आहे. सरकारी बस शहरातल्या सिटी गेट स्थानकापर्यंत जाते आणि तिचं भाडं नाममात्र आहे. पण बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, तिकीट आधी दुकानातून घ्यावं लागतं. नवखे प्रवासी इथेच अडकतात: बस समोर उभी, हातात नोट, आणि चालक मान हलवतो. बाहेर पडण्याआधी विमानतळाच्या इमारतीतच तिकीट कुठे मिळतं ते विचारा. बस वारंवार नाहीत आणि शनिवार-रविवारी आणखी कमी.

अंधार पडल्यावर उतरत असाल तर बसचा विचार सोडा. अधिकृत टॅक्सीला साधारण ३५ अमेरिकी डॉलर पडतात आणि रात्री उशिरा दर चढतो. अनेक विमानं रात्रीच उतरतात, तेव्हा हा खर्च आधीच धरून ठेवा. शक्यतो राहण्याच्या ठिकाणाच्या मालकांनाच ओळखीची गाडी पाठवायला सांगा.

शहरात फिरायचं कसं?

मध्यवर्ती भाग पायी होतो. सिटी गेटपासून फ्रेडरिक स्ट्रीटने सरळ उत्तरेला चालत निघालात की वीस-पंचवीस मिनिटांत सवाना येतं. बाकी दोन साधनं आहेत.

मॅक्सी टॅक्सी म्हणजे पांढरी मिनीबस. तिच्या अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो. पिवळा पट्टा शहर आणि पश्चिमेकडचा भाग, लाल पूर्वेकडे आरिमापर्यंत, हिरवा दक्षिणेकडे चग्वानास आणि सॅन फर्नांडो. उतरायचं असेल तेव्हा बेल दाबायची.

रूट टॅक्सी म्हणजे आपल्याकडच्या शेअर रिक्षाची मोटारीतली आवृत्ती. साधीच चारचाकी, ठरलेला रस्ता, चार अनोळखी प्रवासी. ती ओळखायची नंबरप्लेटवरून: पहिलं अक्षर ‘एच’ असेल तर गाडी परवान्याची. ‘पी’ने सुरू होणाऱ्या खासगी गाड्याही भाडं मारतात, त्यांत बसू नका. भाडं ठरलेलं असतं, शहरातल्या छोट्या टप्प्याला ५ ते ८ डॉलर. बसण्याआधी दर विचारा आणि सुटे द्या. नुसतं ‘टॅक्सी’ म्हणून गाडी सांगितलीत तर चालक ती एकट्याने ठरवलेली ‘स्पेशल’ धरू शकतो आणि मग भाडं कित्येक पट होतं.

एक रीत पाळाच. गाडीत, दुकानात, दवाखान्यात, कुठेही शिरलं की आधी सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचं. अंधार पडल्यावर ‘गुड नाइट’ हा निरोप नसून भेटीचा नमस्कार असतो. न बोलता थेट प्रश्न विचारणारा माणूस इथे उद्धट ठरतो. तुमचं काम अडण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

राहायचं कुठे?

वुडब्रुक, सेंट जेम्स, न्यूटाउन, सेंट ॲन्स. या भागांतल्या घरगुती गेस्टहाऊसमध्ये साधी खोली ४० ते ७० अमेरिकी डॉलरला मिळते. स्वयंपाकघर वापरता येणारी खोली घेतलीत तर रात्रीचं जेवण घरी होतं आणि बाहेर पडायची वेळच येत नाही. शहराच्या पूर्वेकडे फार स्वस्त खोली दिसली तर मोहात पडू नका. वाचलेले पैसे दोन दिवसांत टॅक्सीवर जातात.

खाण्यावर किती खर्च होतो आणि काय खावं?

सुरुवात डबल्सने करा. हळद घातलेल्या मैद्याच्या, तळहाताएवढ्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या. त्यांना ‘बारा’ म्हणतात. त्यावर पातळसर रश्श्यातले छोले, वर चिंचेची चटणी, काकडी, कैरीचा ‘कुचेला’ आणि तिखट. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाऊनकडे हा पदार्थ जन्मला आणि आज सगळा देश सकाळी तोच खातो. एकाची किंमत ६ ते ८ डॉलर, दोन खाल्ले की न्याहारी झाली.

गाडीवरची पद्धत समजून घ्या. विक्रेता विचारतो ‘पेपर?’ म्हणजे तिखट किती. ‘नो पेपर’, ‘स्लाइट’, ‘मीडियम’ किंवा ‘प्लेंटी’. इथली मिरची स्कॉच बॉनेटच्या जातीची, लवंगीपेक्षा जहाल आणि सावकाश चढणारी. ‘आम्ही कोल्हापूरचे’ म्हणून पहिल्याच दिवशी ‘प्लेंटी’ मागू नका, ‘स्लाइट’पासून सुरू करा. कागद तळहातावर उघडायचा, वरचा बारा फाडून त्याने छोले उचलायचे आणि उभ्यानेच खायचं. चमचा मिळत नाही. पैसे शेवटी द्यायचे आणि किती खाल्ले ते आपणच सांगायचं. सकाळी सहाला गाड्या लागतात आणि साडेनऊ-दहापर्यंत चांगल्या गाड्यांचा माल संपतो. रात्री वुडब्रुकच्या ॲरियापिटा ॲव्हेन्यूवर पुन्हा मिळतात.

दुपारी रोटी. ‘डालपुरी’ म्हणजे आत वाटलेल्या डाळीचं कोरडं, तिखटमीठ घातलेलं सारण. पुरणपोळीची खारी बहीणच. ‘बस अप शट’ म्हणजे तव्यावरच मोडून चुरगळलेला पराठा. भाजीसकट रोटी साधारण २५ ते ४५ डॉलर आणि एका माणसाचं पोट भरून उरते.

संध्याकाळी सवानाच्या कडेला गाड्या लागतात: मक्याचं सूप, चिंचेच्या पाण्यासोबत फुलौरी, शहाळी. शहाळंवाल्याला खोबरं कसं हवं ते आधी सांगा. पाणी पिऊन झालं की तो कोयत्याने शहाळं फोडतो आणि सालीचाच एक तुकडा चमचा म्हणून देतो.

फळं रस्त्यावर घ्या. ‘पोमरॅक’ हा आपल्या जामाचा लाल भाऊबंद, ‘सॅपोडिला’ म्हणजे चिकू. ‘चाऊ’ जरूर खा: कच्चा आंबा किंवा अननस, मीठ, लसूण, मिरची आणि ‘शॅडो बेनी’ नावाच्या लांब पानांच्या कोथिंबिरीसारख्या पाल्यात कालवलेला.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

अजिबात नाही. डबल्स तर दूध-तुपाशिवायच असतात. रोटीच्या दुकानात आलू, चना, भोपळा, ‘बोडी’ म्हणजे चवळीच्या शेंगा, भाजी, वांग्याचा ‘चोका’ म्हणजे आपलं भरीत, हे सगळं मिळतं. ‘सहीना’ मागून पाहा. अळूची पानं, वाटलेल्या डाळीचं पीठ, गुंडाळी करून तळलेलं. पहिल्याच घासाला अळूवडी ओळखू येते, फक्त गूळ-चिंचेचा गोडवा आत नसून बाहेरच्या चटणीत असतो. ‘कालालू’ही अळूच्याच पानांचा: भेंडी आणि नारळाच्या दुधात शिजवून घोटलेला, फदफद्याच्या घराण्यातला. पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस घालण्याची रीत आहे. तेव्हा ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर थांबू नका, ‘नो मीट, नो फिश, नो क्रॅब’ असं मोजून सांगा.

नावं भोजपुरी वळणाची आहेत, कारण १८४५ ते १९१७ या काळात इथे आणलेल्या सुमारे एक लाख ४५ हजार करारबद्ध मजुरांपैकी बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले होते. पहिलं जहाज ३० मे १८४५ ला लागलं आणि त्या दिवशी देशभर सुट्टी असते.

फुकटात काय पाहावं? एकच सकाळ असेल तर?

क्वीन्स पार्क सवाना. सुमारे २६० एकरांचं मोकळं मैदान, भोवती साडेतीन किलोमीटरचा रस्ता, आणि त्यावर गाड्या एकाच दिशेने गोल फिरतात. सकाळी सहाला निघा. तेव्हा शहर इथे चालायला आलेलं असतं आणि ऊन सोसवतं.

मैदानाच्या पश्चिम कडेला एका ओळीत सात जुन्या वास्तू आहेत, ‘मॅग्निफिसेंट सेव्हन’. दक्षिणेकडून चालत गेलात तर क्रम असा: क्वीन्स रॉयल कॉलेज, हेज कोर्ट, मिल फ्लर्स, रूमॉर, आर्चबिशपचं निवासस्थान, व्हाइटहॉल आणि किलार्नी. किलार्नीला सगळे स्टोलमायरचा किल्लाच म्हणतात. बहुतेक १९०४ च्या आगेमागे उभ्या राहिल्या, कोकोला सोन्याचा भाव होता तेव्हा. एक मुद्दाम ध्यानात ठेवा: सातही वास्तूंची तोंडं पूर्वेला, मैदानाकडे आहेत. सकाळी उन्हात नक्षीकामाचा कण न् कण दिसतो. दुपारी सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या येतात.

उत्तरेला १८१८ मध्ये सुरू झालेली रॉयल बोटॅनिक गार्डन्स आहे. प्रवेश मोफत, दुपारच्या सावलीसाठी यासारखी जागा नाही. शेजारच्या प्राणिसंग्रहालयाला तिकीट आहे, पण माफक.

जुन्या शहरात काय आहे?

वुडफर्ड स्क्वेअर. १९५० च्या दशकात एरिक विल्यम्स यांनी इथे उघड्यावर हजारोंना इतिहास आणि राजकारण समजावून सांगितलं. पुढे ते देशाचे पहिले पंतप्रधान झाले. त्या सभांमुळे चौकाला ‘युनिव्हर्सिटी ऑफ वुडफर्ड स्क्वेअर’ म्हणतात. आजही बाकांवर भर दुपारी राजकारणाचे वाद रंगतात, आणि ऐकणाऱ्याला कुणी हटकत नाही.

चौकाच्या कडेला संसदेचं रेड हाऊस. १९०३ मध्ये पाणीपट्टीवरून दंगल उसळली तेव्हा जुनी इमारत जळाली, आत्ताची १९०७ ची. अधिवेशन चालू असताना प्रेक्षक सज्जात बसून कामकाज पाहता येतं, पैसे लागत नाहीत. प्रतिनिधीगृह बहुधा शुक्रवारी दुपारी भरतं. ओळखपत्र न्या आणि हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे घालू नका. समोरच राष्ट्रीय ग्रंथालय आहे: थंडगार, मोफत, बसून वाचायला मोकळं.

स्टीलपॅन फुकट कुठे ऐकायला मिळेल?

या शहरात फुकट मिळणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्टीलपॅन हे वाद्य याच शहरात जन्मलं, तेलाच्या पिंपांपासून. पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून खोल वाटीसारखा करतात आणि त्यावर एकेका सुराचा उंचवटा घडवतात. वरच्या सुरांचा ‘टेनर’ एका पिंपाचा, आखूड. मधले सूर दोन-तीन पिंपांत वाटलेले. ‘बेस’ वाजवणारा पूर्ण उंचीच्या सहा, नऊ किंवा बारा पिंपांच्या मध्ये उभा असतो. मोठ्या वृंदात शंभरावर वादक असतात.

प्रत्येक वृंदाचं आपलं अंगण असतं, ‘पॅनयार्ड’. जानेवारीपासून कार्निव्हलपर्यंत ‘पॅनोरामा’ स्पर्धेची तालीम तिथे रोज रात्री चालते, आणि ऐकायला कुणीही येऊ शकतं. शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स, ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स, वुडब्रुकच्या हॅमिल्टन स्ट्रीटवर फेज टू. पहिल्या दोन अंगणांकडे टॅक्सीनेच जा आणि टॅक्सीनेच या. वुडब्रुकमध्ये राहत असाल तर फेज टू सर्वांत सोयीचं.

सातला गेलात तर चार-पाच जणच एकच तुकडा घोटताना दिसतील. आठ-साडेआठनंतर वृंद भरतो. सुरुवातीच्या आठवड्यांत रचना तुकड्यातुकड्यांत ऐकू येते: तेच आठ ठोके, वीस वेळा, मग थांबून बेसवाल्यांना पुन्हा. कंटाळून निघू नका. रात्री उशिरा ते सगळे तुकडे जोडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवतात. त्या आठेक मिनिटांसाठीच यायचं असतं. बेसच्या मागे उभे राहिलात तर आवाज कानाआधी छातीत शिरतो. सुरांची जाळी ऐकायची असेल तर समोर, जरा लांब उभे राहा.

वाद्याला हात लावू नका, वादकांच्या रांगांतून चालू नका, तोंडावर फ्लॅश मारू नका. अंगणातल्या बारवरून निदान एक सरबत घ्या, तो पैसा वृंदाकडे जातो.

स्पर्धेच्या दिवशी सवानाच्या प्रेक्षागृहाला तिकीट असतं. पण वृंद आपली चाकांवरची वाद्यं ढकलत ज्या वाटेने मंचाकडे जातात, त्या ‘ड्रॅग’वर ते थांबून शेवटची तालीम करतात. तिकीट न काढता तिथे हातभर अंतरावरून ऐकता येतं. जाणते लोक तिथेच सापडतात.

पोशाखाचे पैसे न भरता कार्निव्हल पाहता येतो का?

रस्त्यावरून सगळा दिसतो. पथकात नाचायचं तर पोशाखाला शेकडो अमेरिकी डॉलर लागतात, पदपथावरून पाहायला काही नाही. सोमवारी पहाटे चारच्या सुमाराला ‘जूव्हे’ सुरू होतो: चिखल, रंग, कोको अंगाला फासून निघालेली गर्दी. फेकून द्यायच्या लायकीचे कपडे घाला आणि फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळा, कारण कडेला उभे असलात तरी रंग लागणारच. पूर्ण पोशाख मंगळवारी दिसतात, सोमवारी अनेक जण अर्ध्या साजात असतात. ॲरियापिटा ॲव्हेन्यूवर सकाळी दहाच्या आत सावलीची जागा धरा. पथकाभोवती दोरखंड धरून रक्षक चालतात, तो दोर ओलांडू नका.

त्याआधीच्या शुक्रवारी पहाटे पिकॅडिली स्ट्रीटवर १८८१ च्या कॅनबुले दंगलीचा प्रसंग उघड्यावर सादर होतो. मशाली मिरवण्यावर बंदी घालणाऱ्या पोलिसांशी लोक लाठ्या घेऊन भिडले, तो हा प्रसंग. मोफत असतो. शक्यतो स्थानिकांसोबत, गाडीने जा.

सेंट जेम्सबद्दल ऐकलं आहे. तिथे काय?

करारबद्ध मजुरांची ही जुनी वस्ती. रस्त्यांची नावं वाचत चाला: कलकत्ता, दिल्ली, बनारस, लखनौ, मद्रास, बॉम्बे. नेपॉल स्ट्रीटवर २६ नंबरच्या घरात लेखक व्ही. एस. नायपॉल किशोरवयात राहत होते. ईथेल स्ट्रीटवर पश्चिम काशी मंदिर आहे. वेस्टर्न मेन रोड रात्री उशिरापर्यंत जागा असतो.

मोहरममध्ये इथे ‘होसे’ निघतो. बांबू आणि रंगीत कागदांचे ताजिये, म्हणजे आपल्याकडचे ताबूत, आणि हसन-हुसेन यांचे हिरवा आणि लाल असे दोन प्रचंड चंद्र, एकेका माणसाच्या खांद्यावर. सोबत ‘टासा’. हा आपला ताशाच. त्याची पद्धतही ओळखीची वाटेल. ‘कटर’ तडतडत पुढे धावतो, दुसरा ताशा ठेका धरून ठेवतो, खाली मोठा ढोल आणि झांज. भांडं परंपरेने मातीचं, वर बकऱ्याचं कातडं. रस्त्याच्या कडेला कागद-लाकडांचा जाळ करतात आणि वादक ताशे उपडे धरून तापवतात. कातडं ताणलं गेलं का ते बोटाच्या टिचकीने पाहतात, सूर चढला की धावत रांगेत परततात. पुण्या-मुंबईच्या पथकात वाजवलेल्या माणसाने हा जाळ शोधून त्याच्याजवळच उभं राहावं. हा शोकाचा विधी आहे हे विसरू नका: दारू नको, नाच नको. चांद्र पंचांगामुळे तारीख दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी सरकते.

क्रिकेटवाल्यांसाठी काही?

ट्रॅगरेट रोडवरचं क्वीन्स पार्क ओव्हल. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय इथेच मिळवला. गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा केल्या आणि सुनील गावसकरांचं ते पदार्पण होतं, ६५ आणि नाबाद ६७. १९७६ मध्ये भारताने चौथ्या डावात ४०३ चं लक्ष्यही याच मैदानावर गाठलं. वयस्कर टॅक्सीचालकापाशी गावसकरांचं नाव काढून पाहा. सामना फुकट पाहायचा तर शनिवार-रविवारी सवानावर जा, स्थानिक संघ खेळत असतात.

उंचावरून शहर पाहायचं आहे.

सवानाजवळून सुरू होणारा लेडी चान्सलर रोड. सकाळी आणि संध्याकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते, तीच वेळ धरा. एकट्याने भर दुपारी नको.

फोर्ट जॉर्ज आणखी वर, सुमारे ३३५ मीटरवर, १८०४ चा. तोफा, सिग्नल स्टेशनचं लाकडी घर आणि समोर पारियाचं आखात. हवा स्वच्छ असेल तर व्हेनेझुएलाचे डोंगर दिसतात. प्रवेशाला पैसे नाहीत, पण वर मॅक्सी जात नाही. सेंट जेम्सकडून चढण खडी आहे, सव्वा-दीड तास धरा, दोघा-तिघांनी मिळून जा, माणशी दीड लिटर पाणी घ्या. संध्याकाळी सहाला बंद होतो. सूर्यास्ताच्या मोहात पायी अडकू नका. इथे सूर्य वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि अंधार झटकन पडतो.

समुद्रकिनारा?

शहराला पोहण्याजोगा किनारा नाही. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. स्वस्तात जायचं तर पिवळ्या पट्ट्याच्या मॅक्सीने शग्वारामस गाठा आणि तिथून टकर व्हॅलीतून सपाट रस्त्याने तासभर चालत माकेरिपेला जा. वाटेत बांबूची कमान झालेला रस्ता लागतो. सकाळी लवकर गेलात तर हाउलर माकडांचा घोगरा हंबरडा ऐकू येतो. माकेरिपे छोटी, शांत खाडी आहे. चालत येणाऱ्याला पैसे नाहीत, पार्किंगला आहेत.

मराकासचा किनारा मोठा आणि देखणा, पण बस मोजक्याच. परतीची वेळ उतरतानाच चालकाला विचारून ठेवा. तिथे परतीच्या पाण्याचा ओढा, म्हणजे माणसाला समुद्रात खेचणारा प्रवाह, जोरदार असतो. लाल बावटे असतील तिथे पाण्यात उतरू नका आणि जीवरक्षक गेल्यावर तर मुळीच नको. ओढ्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका. किनाऱ्याला समांतर सरका, ओढा सुटला की मग किनाऱ्याकडे या.

शहराबाहेर एका दिवसात कुठे?

हिरव्या पट्ट्याच्या मॅक्सीने चग्वानास, तिथून रूट टॅक्सीने वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर. शिवदास साधू या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलेलं मंदिर पाडलं गेलं, त्याला तुरुंगात टाकलं. मग त्याने कुणाच्याच मालकीची नसलेली जागा निवडली आणि वर्षानुवर्षं सायकलवरून दगडमाती आणून ओहोटीच्या पाण्यात भर घातली. जवळच कारापिचैमाला ८५ फुटी हनुमान आहे. दोन्हीकडे प्रवेश मोफत. दुपारी चारच्या आत परतीची गाडी धरा, नंतर टॅक्सी विरळ होतात.

सुरक्षिततेचं खरं चित्र काय?

गुन्हेगारी गंभीर आहे, म्हणून देशात २०२४ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२५ मध्ये आणीबाणी लागू करावी लागली. जाण्याआधी ताजी परिस्थिती पाहा. लाव्हेन्टील, सी लॉट्स, बीटम या पूर्वेकडच्या वस्त्यांत फिरायला जाऊ नका. जुनं शहर संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी ओस पडतं, तेव्हा तिथे थांबू नका. सवानाच्या कडेच्या गाड्यांपाशी रात्री गर्दी असते, पण अंधारात मैदान मधून ओलांडू नका. सोन्याची साखळी घरीच ठेवा.

लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालणं इथे बेकायदा आहे. टोपी, पिशवी, लहान मुलाची पँट, काहीही नको. विमानतळावरच काढून घेतात.

पोलीस ९९९, रुग्णवाहिका ८११, अग्निशमन ९९०.

पैसे कसे न्यावेत?

अमेरिकी डॉलर न्या आणि लागतील तसे थोडे थोडे बदला. देशात परकीय चलनाची टंचाई आहे, त्यामुळे उरलेले त्रिनिदादी डॉलर परत बदलून घेणं जिकिरीचं जातं आणि भारतात ते कुणी घेत नाही. गाड्यांवर आणि टॅक्सीत कार्ड चालत नाही. १०० ची नोट सकाळी सातला डबल्सवाल्यापुढे धरू नका, ५, १० आणि २० च्या नोटा जमवून ठेवा. वीज ११५ व्होल्टची आणि खाचा अमेरिकी पद्धतीच्या, तेव्हा अडॅप्टर भारतातूनच घ्या.

खोली सोडून दिवसाला किती धरावेत?

सकाळी दोन डबल्स १६, शहाळं १५, दुपारची रोटी ४०, रूट टॅक्सीचे तीन टप्पे २४, संध्याकाळी मक्याचं सूप ३०. झाले १२५ डॉलर, म्हणजे सोळाशे रुपयांच्या आसपास. पॅनयार्डची रात्र असेल तर बारवरचं सरबत आणि परतीच्या टॅक्सीचे ५० ते ८० डॉलर आणखी धरा. ती टॅक्सी निघतानाच ठरवा आणि चालकाचा नंबर घेऊन ठेवा. तालीम कधी बारालाही संपत नाही.